एथनाच्या हातचे दोर

एथना ईस्टरच्या आधी वारली. तिला दोन रात्री घरात ठेवलं होतं. मीनदार गावातली आणि डोंगरापलीकडची माणसं जागायला आली, चिलमी ओढल्या, चहा प्याली, तिच्याबद्दल चांगलं बोलली, आणि मग तिला खांद्यावरून नेऊन सासूसासऱ्यांच्या शेजारी पुरलं. या सगळ्यात तिचा नवरा मॅनस पायावर उभा राहिला. जो येईल त्याचा हात हातात घेत होता आणि "नाही, त्रास नाही झाला तिला," असं सांगत होता. उन्हाळ्यात त्यानं एकट्यानं दलदलीतलं मातीचं जळण कापलं, वाळवून घराच्या बाजूला रचलं. बटाटे काढले. लोक म्हणाले, मॅनस सावरला. त्यालाही तसंच वाटत होतं.

ती गेली म्हणजे काय झालं, हे त्याला ऑक्टोबरातल्या एका कोरड्या सकाळी कळलं. दोर वळायचे होते. ओटचं काड त्यानं आदल्या दिवशी निवडून ठेवलं होतं, पाणी शिंपडून मऊ केलं होतं. कोठाराचं दार उघडलं, काडाच्या ढिगाशेजारी तिचं बसायचं बुटकं स्टूल ठेवलं, भिंतीवरचा लोखंडी आकडा काढला आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण तिनं येऊन बसायची वाट बघतोय.

काडाचा दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं बसून काड सोडायचं, दुसऱ्यानं ते आकड्यात अडकवून, आकडा फिरवत, मागं मागं चालत जायचं. पीळ बसत जातो, दोर लांबत जातो, आकडेवाला कोठारातून बाहेर पडून अंगण ओलांडून कुंपणापर्यंत पोचतो. असे दोर घराच्या पाख्यांवरून या वळचणीपासून त्या वळचणीपर्यंत ओढून घ्यायचे आणि भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी खुंटांना बांधायचे. समुद्र समोरच आहे. दोरांवाचून त्या किनाऱ्यावर काडाचं छप्पर हिवाळा काढत नाही.

मॅनस शाकारणारा होता. आसपासच्या सगळ्या वाड्यांमधली घरं त्यानं शाकारली होती, आणि मॅनसचा दोर तुटत नाही असं लोक म्हणायचे. ऐकून तो मान खाली घालायचा, पण त्याला ते खरं वाटायचं.

त्यानं आकडा दाराच्या खिळ्याला अडकवला. स्वतः स्टुलावर न बसता उभ्यानंच काड सोडलं, मग धावत जाऊन आकडा फिरवला. परत येईपर्यंत पीळ सुटून गेला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. मग त्यानं सोडलेलं काड गुडघ्याखाली दाबून धरलं आणि हात लांब करून आकड्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. त्याच वेळी फाटकातून हुडी आत आला.

हुडी शेजारचा. उभा जन्म मासेमारीच्या बोटींवर काढलेला, आता गुडघे गेले म्हणून घरी. त्याला समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नसे.

"काय रे, कुस्ती कुणाशी चाललीय? आणि हरतोयस पण!"

"आलास? जा परत."

"जातो. आधी तुझा पाय सोडवू का त्या गवतातून?"

मॅनस उठला. काड झटकलं. हुडीनं त्या अर्धवट वळलेल्या दोराकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

"माझ्याकडे बोटीवरचा नायलॉनचा दोर आहे. निळा. तुझं घर उचलून नेलं तरी तो तुटायचा नाही."

"माझं घर म्हणजे मच्छीचं जाळं नाही."

"निळा रंग शोभेल रे. लोक लांबून बघायला येतील."

"हुडी."

"बरं, बरं. मग यंदा राहू दे ना. गेल्या वर्षीचे दोर आहेत वर, अजून एक हिवाळा सहज काढतील. आमच्या घरावर दोन दोन हिवाळे असतात, आम्ही काय वाहून गेलो?"

"तुझं घर तुझ्यासारखं आहे. माझ्या घरावर दर वर्षी नवे असतात."

"एथना होती तेव्हा होते."

मॅनस आकडा पुसत राहिला. मग म्हणाला, "दोन तारखेला ती येणार आहे."

हुडीनं टोपी काढली आणि परत घातली. मीनदारात या गोष्टीला कुणी हसत नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेच्या रात्री गेलेली माणसं आपापल्या घरी येतात. घरातले चूल झाडून ठेवतात, विस्तव नीट पेटता ठेवतात, चुलीपाशी खुर्ची मांडतात, पाण्याचं भांडं भरून ठेवतात, दाराला कडी लावत नाहीत, आणि लवकर निजतात, आलेल्यांना अडचण नको म्हणून. त्या वर्षात गेलेल्याची तर ती पहिलीच खेप.

"पहिल्यांदा येतेय," मॅनस म्हणाला. "रस्त्यानं वर येताना आधी घराचं छप्पर दिसतं. तिला जुने दोर दिसले तर काय म्हणेल? वर्षही झालं नाही आणि यानं सोडून दिलं?"

"म्हणेल, बिचारा एकटा आहे."

"तेच नको म्हणायला."

हुडी वाकला, गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि एथनाच्या स्टुलावर बसला. "चल, फिरव तुझा तो आकडा. पण मला काही येत नाही, आधीच सांगतो."

ते खरं होतं. हुडी मूठभर काड एकदम सोडायचा, मग बोलण्यात रंगला की सोडायलाच विसरायचा. दोर एका जागी मनगटाएवढा जाड आणि पुढं बोटाएवढा बारीक. मॅनस अंगणातून ओरडायचा, "सोड! सोड रे! कमी! अरे, किती!" दुपारपर्यंत त्यांनी जे केलं ते दोघांनी जमिनीवर पसरून बघितलं.

"दोर नाही हा," हुडी म्हणाला. "हा कोंबडी गिळलेला साप आहे. एक नाही, चार कोंबड्या."

मॅनसलाही हसू आलं. एथना गेल्यापासून तो त्या अंगणात पहिल्यांदाच हसला. मग त्यानं तो दोर उलगडून टाकला आणि म्हणाला, "ऊठ. तू आकडा घे, मी सोडतो."

तो स्टुलावर बसला. त्या स्टुलावर तो कधीच बसला नव्हता. ढिगातून काड ओढलं, डाव्या हातानं नीट केलं, उजव्या हातानं सोडलं. हुडी आकडा फिरवत मागं गेला. मॅनसला वाटलं होतं, हे काय, यात काय आहे. मागं चालणं, ताण धरणं, पीळ किती द्यायचा हे कळणं, खरं काम ते. पण दोर त्याच्या बोटांखालून जात होता आणि त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं. काड ओढायचा, तर जास्त यायचं. कमी करायचा, तर दोर लगेच बारीक व्हायचा. पुढचं काड मागच्यात किती घुसवायचं हेच त्याला माहीत नव्हतं.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. तिचे हात कसे चालायचे? अंगठा वर असायचा की खाली? काड मांडीवर ठेवायची की खांद्याखाली? त्याला आठवेना. आकडा धरून मागं जाणाऱ्याला सोडणारीचे हात दिसत नाहीत. ते काडात असतात. दिसतं ते तोंड. इतकी वर्षं तो त्या दोराच्या टोकाला तिचं तोंड बघत मागं मागं गेला होता. ती हातांकडे कधी बघायची नाही, तीही त्याच्याकडेच बघायची, गप्पा मारायची, मधेच "पाठीमागं गाय आहे हं," असं ओरडायची. तिच्या हनुवटीवरचा तीळ त्याला आठवत होता. गवताचा कण चिकटलेली भुवई आठवत होती. हात आठवत नव्हते.

"थांबलास का?" हुडी कुंपणापासून ओरडला.

"काही नाही. फिरव."

दुसऱ्या दिवशी हुडीची बायको नाबला आली. ती ओल्या हातांनीच आली होती, धुणं टाकून. कोठाराच्या दारात उभं राहून तिनं जरा वेळ बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तू बाजूला हो. मॅनस, तू आकडा घे. मी बसते. माझी आई सोडायची, मला येतं."

"नको, नाबला."

"नको काय? तुमचा दोर बघवत नाही मला. एक तास बसते, माझं काय झिजतं?"

"तुला तुझी कामं आहेत."

"माझी कामं मेली कुठं पळून जातात?"

"नको म्हटलं ना." त्याचा आवाज चढला. मग त्यानं मान खाली घातली. "नको गं. रागावू नकोस."

नाबला रागावली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं, ओले हात एप्रनला पुसले आणि निघाली. फाटकापाशी ती हुडीला हळू म्हणाली, "त्या टोकाला दुसरं तोंड बघायचं नाहीये त्याला. तुझं चालतं, तुझं तोंड नाहीतरी कुणी बघत नाही."

तर दोर त्या दोघांनीच वळले. हुडी मागं जायचा, मॅनस सोडायचा. रोज थोडे. हात जरा बसला, गाठी कमी झाल्या, लांबून बघितलं तर दोर दोरासारखे दिसायला लागले. पण संध्याकाळी वेटोळं करताना मॅनस प्रत्येक दोर मुठीतून ओढून बघायचा, आणि प्रत्येकात कुठं ना कुठं त्याची मूठ सैल पडायची. तिथं काड नुसतं एकमेकांना टेकलेलं होतं, धरलेलं नव्हतं. त्याला ते कळत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरासाठी असे दोर त्यानं चढवले नसते. पण ऑक्टोबर संपत आला होता.

शेवटच्या दिवशी त्यानं शिडी लावली. हुडी खाली शिडी धरून होता.

"ऐक माझं," हुडी म्हणाला. "जुने राहू दे खाली. नवे वरून बांध. दिसायला नवे दिसतील आणि धरायला जुने."

"जुन्यावर नवे बांधतो त्याला आम्ही काय म्हणतो माहीत आहे ना?"

"काय म्हणता?"

"हुडी म्हणतो."

"म्हणा. माझं छप्पर जागेवर आहे."

मॅनसनं ऐकलं नाही. त्यानं खुंटांवरच्या गाठी सोडायला घेतल्या. त्या सुटेनात. एका वर्षाच्या पावसानं आणि ओढीनं त्या दगडासारख्या झाल्या होत्या, म्हणून त्यानं खिशातली सुरी काढली आणि एकेक गाठ कापली. दोर काळे पडले होते, पण कापताना आतून पिवळं काड निघत होतं. इकडून तिकडे सगळे सारख्या जाडीचे. एक दोर त्यानं मुठीतून ओढून बघितला. वळचणीपासून वळचणीपर्यंत मूठ कुठंच सैल पडली नाही. तेव्हा तो शिडीवर थांबला. हुडीला वाटलं, आता हा खाली उतरतो. पण बहुतेक दोर तोवर कापून झाले होते. मॅनसनं उरलेलेही कापले आणि खाली टाकले. रिवाजाप्रमाणे त्यांचे तुकडे करून गोठ्यात गायीखाली पसरले.

नवे दोर चढले. रस्त्यावरून घर सोन्यासारखं पिवळं दिसत होतं. नाबला रस्त्यावर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "छान दिसतंय, मॅनस. आवडेल तिला." त्या संध्याकाळी त्यानं चुलीची भिंत चुन्यानं रंगवली, भांडी घासली, एथनाची खुर्ची घासून वाळत ठेवली. ग्लासगोला असलेली त्यांची मुलगी मेव दफनाच्या वेळी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही इथं एकटे काय करणार? माझ्याकडे चला." तेव्हा त्याला उत्तर सुचलं नव्हतं. आता त्याला वाटलं, सुचलं.

एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, सगळे चर्चमध्ये होते. प्रार्थना संपून बाहेर आले तेव्हा वारा वायव्येकडून सुटला होता. समुद्र पांढरा झाला होता. म्हातारी माणसं दारात न थांबता घरी निघाली. मॅनस टोपी हातात धरून चढावर जवळजवळ धावत गेला.

तो पोचला तेव्हा अजून सगळं जागेवर होतं. दोर ताणलेले होते, त्यांचा बारीक आवाज येत होता. त्यानं घराला एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत, पश्चिमेच्या पाख्यावरचा पहिला दोर गेला. तुटल्याचा आवाजही झाला नाही. बारीक जागी पीळ उलगडला आणि दोन्ही टोकं वाऱ्यात वर गेली. त्यासरशी शेजारच्या दोराला सगळा ताण आला, तोही गेला. मग कोंबडीची पिसं उलटावीत तसं काड उलटायला लागलं. एक पेंढी उडाली, मग दहा, मग मोजता येईना.

मॅनस गोठ्यात धावला. गायीच्या पायांखालून जुने दोर ओढून काढले. ते शेणात भिजले होते आणि हातभर लांबीचे तुकडे झालेले. तो चिखलात गुडघे टेकून तुकड्याला तुकडा बांधायला लागला. हुडी निळा दोर खांद्यावर घेऊन लंगडत आला, त्याच्या मागं नाबला. दोघांनी निळ्या दोराला दगड बांधून तो छपरावरून फेकला. वाऱ्यानं परत आणला. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा तो पलीकडे पडला, तेव्हा धरून ठेवण्यासारखं तिथं फारसं काही राहिलं नव्हतं. काडाखालचे गवताळ मातीचे थरही सुटून पडायला लागले होते. वासे उघडे पडले. मग पाऊस आला.

"सोड, मॅनस," हुडी म्हणाला. "सोड ते तुकडे. काय करतोयस?"

"हे तुटले नसते," मॅनस म्हणाला. "हे तुटले नसते रे."

हुडीनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

आत स्वयंपाकघरात पाऊस सरळ जमिनीवर पडत होता. त्या घरातली चूल कधी विझली नव्हती. रोज रात्री एथना निखारे राखेखाली झाकायची, तिच्या आधी मॅनसची आई झाकायची, सकाळी राख बाजूला केली की विस्तव तयार. एथना गेल्यावर मॅनसनं एक रात्र चुकवली नव्हती. आता धुराड्याच्या तोंडाशी अजून थोडा कोरडा कोपरा होता आणि तिथं निखारे लाल होते.

नाबला बादली घेऊन आली. "यात घाल. आमच्या चुलीत ठेवू. छप्पर झालं की परत घेऊन ये. विस्तव तोच राहील."

मॅनस चुलीपुढं उकिडवा बसला. चिमटा उचलला. एक निखारा धरला, उचलला, आणि परत ठेवला.

"ती तुझ्या चुलीकडे कशाला येईल, नाबला?"

"अरे, शेजारचं घर आहे! मला काय परकी समजते ती? मीच सांगेन, ये, बस."

"उद्या ती इथं येणार. विस्तव इथं पाहिजे."

"इथं विस्तव राहणार नाही. डोळे आहेत ना तुला?"

तो उठला नाही. कोट काढून त्यानं निखाऱ्यांवर दोन्ही हातांनी धरला. कोट भिजला, मग गळायला लागला. नाबलानं थोडा वेळ वाट बघितली, मग बादली रिकामीच घेऊन ती दारात नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. निखारे एकेक करून चुरचुरले आणि काळे झाले. शेवटचा काळा झाला, तेव्हा मॅनसनं कोट खाली ठेवला आणि कुणी न सांगता हुडीच्या मागोमाग त्यांच्या घरी गेला.

दोन तारखेला वारा पडला होता. नाबलानं चूल झाडली, पाणी भरून ठेवलं, आपल्या सासूसाठी आणि हुडीच्या बुडालेल्या भावासाठी खुर्च्या मांडल्या. मग न विचारता तिसरी मांडली. मॅनसनं ती बघितली.

"कुणाची?"

"तुला माहीत आहे कुणाची."

"ती तिच्या घरी जाईल."

"मॅनस," हुडी म्हणाला, "तिथं आता…"

उजेड जायच्या आधी मॅनस एकदा वर जाऊन आला. घराचं दार उघडं होतं, कडी लावायचा प्रश्नच नव्हता. जमिनीवर काड, माती आणि पाणी होतं. एथनाची खुर्ची भिंतीपाशी उलटी पडली होती. ती त्यानं सरळ केली, चुलीपाशी ठेवली. काळ्या चिखलाच्या त्या चुलीसमोर ती खुर्ची बघितली आणि परत उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली. इथं ये असं कुणाला म्हणता येण्यासारखं नव्हतं. परत आल्यावर त्यानं जेवण नको म्हटलं. हुडीकडे सगळे लवकर निजले.

नंतरच्या आठवड्यात मेव ग्लासगोहून आली. घराकडे बघून रडली, बापाला बरोबर नेण्याबद्दल बोलली, त्यानं हो-नाही काही केलं नाही, आणि तिला कामावर जायचं होतं म्हणून ती परत गेली. नाबलानं आणखी एकदा विचारलं, की वसंतात मी काड सोडायला बसू का. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

मॅनस हुडीकडेच आहे. घर शाकारायचं राहिलं आहे. चूल पेटवायची राहिली आहे, आणि एथनाला एकदा घरी बोलवायचं होतं, तेही राहिलं आहे.